चार गोळ्या, एक तास

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेऊन वक्त्याने किरकोळ दुरुस्त्यांसह स्मरणिकेसाठी दिले.)



संयोजकांनी मला सांगितलं की, तू काय काम करतोस ते पोरांना समजेल असं सांग. माझ्या आधी आपल्या डॉक्टरीणबाई बोलल्या, त्यांना एक शब्द पुरला. फौजदार साहेबांना तर तोही लागला नाही. माझं तसं नाही. माझी आई शेवटपर्यंत लोकांना सांगायची, "पोरगा आईलच्या कंपनीत हाये." सोयरिकीच्या वेळी पाहुण्यांना वाटलं, पेट्रोल पंपावर आहे. खरं सांगायचं तर मी तीस वर्षं एकच काम करतो. लोखंडावर लोखंड घासतो, मध्ये ऑइल किंवा ग्रीस घालतो आणि किती झिजलं ते मोजतो.

आपल्या वयाच्या लोकांना हे काम नवीन नाही. अंगारकीला राजुरेश्वराच्या दर्शनाला खेड्यापाड्यांतून बैलगाड्या यायच्या, आठवतं का? गाडी दिसायच्या आधी तिचा आवाज यायचा. कुईऽऽ कुईऽऽ. आवाज आला की म्हातारी माणसं म्हणायची, याच्या गाडीला वंगण नाही. गाडीखाली वंगणाचं नळकांडं लोंबत असायचं, त्यात तेलात भिजवलेल्या चिंध्या. चाक काढायचं, तुंब्यात वंगण भरायचं, पुन्हा चाक चढवायचं. आमचे वडील तुंब्यात बोट फिरवून निघालेला काळा चिकटा दोन बोटांत चोळून बघायचे आणि सांगायचे, "किरकिर लागतीय, आत धूळ गेली." मी आज लाखो रुपयांच्या यंत्रांवर जे बघतो त्यातलं निम्मं त्या दोन बोटांत होतं. या शास्त्राला आज ट्रायबॉलॉजी म्हणतात. घर्षण, झीज आणि वंगण यांचं शास्त्र. हे नाव १९६६ मध्ये इंग्लंडातल्या एका सरकारी अहवालातून जगभर गेलं. पीटर जोस्ट नावाच्या अभियंत्याच्या समितीचा तो अहवाल होता आणि त्यात हिशेब मांडला होता की, नीट वंगण न दिल्यामुळे देशाचे दरवर्षी कोट्यवधी पौंड वाया जातात. म्हणजे आमच्या शास्त्राचं नाव माझ्यापेक्षा थोडंच मोठं आहे, काम मात्र चाकाइतकं जुनं.

आता यंत्र सांगतो. चूल मांडायला तीन दगड कसे ठेवतो? तीन दगड, वर भांडं. आमचं सगळ्यात जास्त चालणारं यंत्र तसंच आहे. बेअरिंगमधल्या असतात तशा पोलादी गोळ्या, अर्ध्या इंचाच्या, म्हणजे १२.७ मि.मी. व्यासाच्या. तीन गोळ्या एका वाटीत घट्ट आवळून बसवायच्या, त्या हलत नाहीत. चौथी गोळी वरून, तिन्हींच्या मधल्या खोबणीत टेकवायची. वाटीत ऑइल ओतायचं, गोळ्या बुडेपर्यंत. मग वरची गोळी फिरवायची, मिनिटाला १२०० फेरे. दाब ४० किलोचा, ऑइल ७५ अंश सेल्सिअसला गरम, वेळ बरोबर एक तास. यंत्र थांबलं की खालच्या तिन्ही गोळ्यांवर एकेक गोल डाग पडलेला असतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याची रुंदी उभी-आडवी मोजायची, तीन गोळ्यांची सहा मापं, त्यांची सरासरी. चांगल्या इंजिन ऑइलला हा डाग साधारण ०.४ मि.मी.च्या आसपास येतो. नुसत्या, काही न मिसळलेल्या तेलाला मोठा येतो. झाली परीक्षा. याला फोर बॉल टेस्ट म्हणतात. दुसरी परीक्षा याच यंत्रावर, फक्त दहा-दहा सेकंदांची. दर वेळी नव्या गोळ्या घ्यायच्या आणि दाब वाढवत न्यायचा. एका दाबाला ऑइल हार मानतं आणि चारही गोळ्या एकमेकींना वितळून चिकटतात. तो चिकटलेला गोळा मी आज आणलाय, मागच्या टेबलावर भिंगासकट ठेवलाय. पोरांनी बघा, पण खिशात घालू नका.

आता इथे मला एक जुनी गोष्ट सांगावी लागेल, कारण आपले विज्ञानाचे सर समोर बसले आहेत. नववीत सरांनी प्रयोग दिला होता. लाकडी ठोकळा, त्याला हुक, हुकाला ताणकाटा. ठोकळा आडवा ठेवून ओढा, मग उभ्या कडेवर ठेवून ओढा. पुस्तकात लिहिलं होतं, टेकलेली जागा मोठी असो की लहान, घर्षण सारखंच. अमोंतों नावाच्या फ्रेंच माणसाने १६९९ मध्ये हा नियम मांडला, हे मला फार पुढे कळलं. आमच्या ताणकाट्यावर काही सारखं येईना. टेबल शाळेचं, त्यावर आधीच्या दहा वर्षांची नावं कोरलेली, ठोकळा अडकायचाच. मग आम्ही शहाणपणा केला आणि दोन्हीकडे सारखा आकडा लिहिला. सरांनी वही बघितली, ते पान फाडलं आणि म्हणाले, "पुस्तकात काय आहे ते मला माहीत आहे. तुझ्या काट्यावर काय आलं ते लिही." सर, ते फाडलेलं पान माझ्या नोकरीतलं सगळ्यात उपयोगाचं पान ठरलं. एकच ऑइल, एकच यंत्र, तोच माणूस, तरी दोन वेळा डाग तंतोतंत सारखा येत नाही. ०.४२ आणि ०.४६ यांत चांगलं कोणतं, हे एका परीक्षेवरून सांगता येत नाही. पण ऑइलच्या डब्यांच्या जाहिराती एवढ्याशा फरकावर "जास्त संरक्षण" असं छापतात. मला एकदोनदा सांगण्यात आलं की, अहवालात ते ४६ चं ४२ करा. कोणी सांगितलं ते सोडून द्या. मी केलं नाही, पण हात थरथरले होते, कारण तेव्हा नोकरी कायम झालेली नव्हती.

पण आज मला जे सांगायचंय ते हे नाही. आज सांगायचंय ते माझ्या धाकट्या भावाच्या ट्रॅक्टरबद्दल. तो आज इथे आलाय आणि सांगू का असं विचारल्यावर "सांग, पण लई ताणू नको" म्हणालाय.

२००९ साल. भावाने कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला त्याला तीन वर्षं झाली होती. घरचं रान थोडं, पण भाड्याने नांगरट, रोटाव्हेटर, मळणी असं बाराही महिने काम. हप्ता त्यावरच चालायचा. एका कृषी प्रदर्शनात त्याने एक खेळ बघितला. टेबलावर छोटी मोटर, तिच्यावर फिरणारी पोलादी कडी, कडीच्या खाली वाटीत ऑइल. कडीवर लोखंडाचा तुकडा एका दांडीने दाबायचा. विक्रेत्याने आधी नेहमीचं इंजिन ऑइल घातलं. दांडी थोडी दाबली, चर्र असा आवाज, धूर, मोटर बंद. मग त्याच ऑइलात आपल्या बाटलीतलं 'औषध' टोपणभर घातलं. आता दांडीवर वजनं टांगली, शेवटी भावालाच लोंबकळायला लावलं. मोटर आपली फिरतेच आहे! गर्दीने टाळ्या वाजवल्या. भावाने तिथूनच मला फोन लावला. "दादा, हे कडीचं मशीन खरं असतंय का?"

मी तेव्हा कामात होतो. म्हणालो, "हो, मशीन खरं असतं. तसलं आमच्याकडेही आहे."

मी खोटं बोललो नाही. टिमकेन टेस्ट नावाची जगभर मान्य असलेली परीक्षा आहे, फिरती कडी आणि स्थिर ठोकळा. प्रदर्शनातलं यंत्र म्हणजे तिची गावठी नक्कल. पण भावाने विचारलं मशीनबद्दल आणि ऐकलं औषधाबद्दल. त्याने सहा बाटल्या घेतल्या. विक्रेत्याने वर सांगितलं की, आता ऑइल दुप्पट तास चालवा, काही होत नाही. भावाने तेही केलं. आपला दादा प्रयोगशाळेत आहे, तो हो म्हणाला, मग आणखी कोणाला विचारायचं?

त्या खेळात काय होतं ते आता सांगतो. जिथे लोखंड लोखंडावर फार दाबाने घासतं तिथे क्षणभर इतकी उष्णता होते की, दोन पृष्ठभागांची टोकं एकमेकांना चिकटतात. चर्र आवाज तो. अशा औषधांत बऱ्याचदा क्लोरिन असलेलं तेल असतं. गरम लोखंडाशी क्लोरिनची क्रिया होते आणि लोखंडावर एक पातळ थर तयार होतो. तो थर सहज सरकतो, म्हणून चिकटणं थांबतं. ही फसवणूक नाही, हे रसायनशास्त्र आहे. पत्रा दाबून भांडं काढायचं असेल, कठीण धातूला आटे पाडायचे असतील, तिथे असली तेलं कारखान्यांत वर्षानुवर्षं वापरली गेली.

पण इंजिन म्हणजे पत्रा दाबायचं यंत्र नव्हे. इंजिनातला मुख्य दांडा, क्रँक, बेअरिंगमध्ये फिरतो तेव्हा तो धातूला टेकलेलाच नसतो. हे कसं कळलं त्याचा किस्सा मला फार आवडतो. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बोशम टॉवर नावाचा अभियंता रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. त्याने ऑइल घालायला बेअरिंगला वरून भोक पाडलं. यंत्र चालू केलं तर भोकातून ऑइल आत जायच्या ऐवजी बाहेर यायला लागलं. त्याने बूच ठोकलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही वर आली. मग त्याने दाब मोजायचं घड्याळ लावलं तर काटा शेवटच्या आकड्याच्या पलीकडे गेला. फिरणारा दांडा ऑइलला आपल्याखाली ओढून घेतो आणि त्या ऑइलच्या दाबावर स्वतः तरंगतो. पुढे १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं. आजही इंजिनांची अशी बेअरिंग त्याच गणितावर बनतात.

म्हणजे जिथे दांडा तरंगतोय तिथे चिकटू न देणाऱ्या औषधाचं काम काय? तिथे लागतं योग्य जाडीचं, स्वच्छ आणि पुरेसं ऑइल. कॅम आहे, पिस्टन वरच्या टोकाला जाऊन थांबतो तिथल्या रिंगा आहेत, अशा काही जागी टेकणं होतं, हे खरं. पण चांगल्या ऑइलात त्यासाठी जस्त असलेलं द्रव्य मापाने आधीच घातलेलं असतं. वरून क्लोरिन ओतलं की इंजिनातली उष्णता आणि पाण्याची वाफ यांच्या संगतीने आम्ल तयार होऊ शकतं. आम्ल मारायची ताकद ऑइलात मोजून भरलेली असते, ती लवकर संपते. आणि मग आम्ल बेअरिंगचा मऊ धातू खायला लागतं.

दुसऱ्या वर्षी ऐन पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टरचं इंजिन ठोकायला लागलं. जालन्याला मिस्त्रीने उघडलं. बेअरिंगवर देवी आल्यासारखे खड्डे. क्रँकही घासून घ्यावा लागला. पेरणीचे ते दिवस शेजाऱ्याचा ट्रॅक्टर भाड्याने घेण्यात गेले. जो भाडं कमवायचा त्याने भाडं भरलं. वहिनीच्या गळ्यातलं गहाण पडलं, हे मला नंतर कळलं. भावाने मला एका शब्दाने दोष दिला नाही. फक्त पाण्याच्या बाटलीत काढलेलं ते काळं ऑइल माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "तुझ्या मशीनवर लाव."

मी लावलं. आणि पोरांनो, नीट ऐका, त्या ऑइलचा डाग लहान आला. चांगल्या, नव्या ऑइलसारखा. फोर बॉलच्या परीक्षेत माझ्या भावाचं इंजिन खाणारं ऑइल पहिल्या वर्गात पास झालं! मी तो आकडा बघून खुर्चीत बसूनच राहिलो. मग त्याच ऑइलच्या बाकीच्या परीक्षा केल्या. आम्ल मारायची ताकद जवळजवळ शून्य. तांबं आणि शिसं भरपूर, म्हणजे बेअरिंगचा धातू ऑइलात उतरलेला. आणि सिलिकॉनही चांगलंच, म्हणजे धूळ. रोटाव्हेटरच्या धुळीत एअर फिल्टर वेळेवर साफ झाला नव्हता. आता यातलं औषधाने किती केलं, दुप्पट तास चालवण्याने किती आणि धुळीने किती, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. भाऊ म्हणतो औषधानेच. मी म्हणतो तिन्हींनी. या वादावर आमच्या घरी दर दिवाळीला एक चहा होतो.

त्यानंतर मी एका लेथवाल्याकडून तसला कडीचा खेळ करून घेतला. प्रयोगशाळेत सुट्टीच्या दिवशी त्यावर हाताला लागेल ते घालून बघितलं. केसांना लावायच्या शाम्पूने नामांकित इंजिन ऑइलपेक्षा जास्त वजन उचललं. आता सांगा, ट्रॅक्टरात शाम्पू घालणार का? मी हा प्रयोग नंतर दोन-तीन गावांत करून दाखवला. लोक हसतात आणि त्यांना पटतं. माझ्या एका तासाच्या भाषणाने पटत नाही ते शाम्पूच्या पुडीने पटतं. हा प्रकार फक्त आपल्याकडेच होतो असं समजू नका. अमेरिकेत १९९० च्या दशकात तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने इंजिनात घालायच्या औषधांच्या कितीतरी नामांकित जाहिरातदारांवर दिशाभूल केल्याबद्दल कारवाई केली.

मग यंत्रावरच्या परीक्षा निरुपयोगी का? तसं नाही. मी त्यावर घर चालवलंय. फोर बॉलने दोन ग्रीसमधलं कोणतं जास्त दाब घेईल ते चांगलं कळतं. एकाच कारखान्याचा या महिन्याचा माल मागच्या महिन्यासारखाच आहे का, हेही कळतं. पण जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये जिथे बेअरिंगवर सारखं पाणी उडतं तिथे मला आधी विचारावं लागतं, हे ग्रीस पाण्याने धुऊन जातं का? त्याची वेगळी परीक्षा आहे. बेअरिंगमध्ये ग्रीस भरून त्यावर एक तास पाण्याची धार सोडायची आणि किती उरलं ते तोलायचं. दाबाला पहिलं आलेलं ग्रीस तिथे नापास होताना मी बघितलंय.

नांगराचंही तेच. वखराची पास आणि कल्टिव्हेटरचे फाळ किती टिकतील हे बघायला रबरी चाकाचं यंत्र असतं. चाक आणि धातू यांच्यामधून कोरडी वाळू सोडायची आणि धातूचं वजन किती घटलं ते मोजायचं. वरून कडक वेल्डिंगचा थर दिलेला फाळ तिथे साध्या फाळापेक्षा कितीतरी कमी झिजला. मी खूश होऊन तो फाळ आमच्या मुरमाड तुकड्यात चालवायला दिला. दगडावर आपटून थराचा कोपराच उडाला. काळ्या रानात मात्र तोच फाळ छान चालला. यंत्रात वाळू होती, दगड नव्हता. आपल्या गावचा लोहार फाळ पाजवताना आधी विचारायचा, "कोणत्या रानात चालवणार?" एवढा प्रश्न मी विचारला असता तर एक फाळ वाचला असता.

वेळ संपत आलीय, घंटा वाजवायला आपले जुने मॉनिटरच बसलेत, म्हणून कामाचं बोलतो. इथे ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे असे निदान पन्नास जण असतील. सीलबंद डबा घ्या, कंपनीच्या पुस्तकात लिहिलेल्या प्रतीचं ऑइल घ्या, तासांचा हिशेब भिंतीवर खडूने लिहा आणि रोटाव्हेटर चालवला की त्या संध्याकाळी एअर फिल्टर बघा. घरी करायची एक परीक्षाही सांगतो. गरम इंजिनातल्या ऑइलचा एक थेंब टिपकागदावर टाका आणि रात्रभर राहू द्या. थेंब चांगला पसरून कडेला फिकट झाला तर ऑइलात अजून जीव आहे. मध्ये काळाकुट्ट गोळा बसला आणि कडा पसरलीच नाही तर काजळी पेलायची ताकद संपली, ऑइल बदला. ही पूर्ण परीक्षा नाही, आम्लाबद्दल ती काही सांगत नाही. पण टिपकागद स्वस्त आहे.

आणि ज्यांना पूर्ण परीक्षा हवी असेल त्यांच्यासाठी मी शंभर मिलिलिटरच्या स्वच्छ बाटल्या आणल्या आहेत, साठ आहेत. नमुना इंजिन गरम असताना काढा. ऑइल सोडताना पहिली धार जाऊ द्या, मधली धरा. बाटलीवर नाव, ट्रॅक्टरचे एकूण तास आणि ऑइल घातल्यापासूनचे तास लिहा. त्यात काही औषध घातलं असेल तर तेही लिहा, मी कोणाला रागावणार नाही. पैसे द्यायचे नाहीत. बाटल्या माझ्या भावाकडे जमा करायच्या, तो महिनाअखेरीला संभाजीनगरला घेऊन येईल. मागच्या टेबलावर, भिंगाच्या शेजारी, त्याच्याकडेच वही आहे. जेवायला जाण्याआधी नाव लिहून जा, कारण जेवणानंतर तो झोपणार आहे.